काट्यावर ६७ किलो कमी का भरलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याजवळच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये स्टोअर आणि खरेदी नुकतीच तुमच्या गळ्यात पडली आहे. १२५० बाय २५०० च्या, ६ मिमी जाडीच्या १० एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेट मागवल्या. घनता ७.८५ (ग्रॅम प्रति घन सेंमी) धरून तुम्ही वजन काढलं, ते आलं १,४७२ किलो. टेम्पो काट्यावरून आला तर पावतीवर निव्वळ १,४०५. फरक ६७ किलोंचा. घनता चुकली, काटा चुकला की पुरवठादाराने हात मारला, असं विचारताय. आणि जोडीला पितळ, तांबं, अॅल्युमिनियम, पाइप, हेक्स (षटकोनी बार) यांची वजनं भराभर कशी काढायची तेही हवंय.

घनतेवरचा संशय आधी काढून टाका. माझं भोसरीत लहानसं मशीन शॉप आहे, तीस वर्षं मी किलोवर माल घेतो आणि नगावर काम देतो. एवढ्या वर्षांत वजनाचे हिशेब माझेही पुष्कळ चुकले, पण घनतेचा आकडा चुकीचा होता म्हणून चुकले असं अगदी क्वचित झालं. साधं पोलाद असो, ईएन-८ असो, ईएन-१९ की ईएन-२४ (ही पोलादाच्या ग्रेडची नावं), ७.८५ धरलं तर अर्ध्या-एक टक्क्याच्या पलीकडे चूक जात नाही. चूक असते ती मापात. जे माप आपण कागदावर वाचलं आणि जे माप प्रत्यक्षात हातात आलं, त्या दोघांमध्ये पाच-सात टक्के आरामात लपतात.

तुमचंच उदाहरण उलटं करून बघा. १० प्लेटचं क्षेत्रफळ ३१.२५ चौरस मीटर. एमएसची १ मिमी जाडी म्हणजे चौरस मीटरला ७.८५ किलो. ३१.२५ गुणिले ७.८५ म्हणजे २४५.३. आता काट्यावरच्या १,४०५ ला २४५.३ ने भागा. ५.७३ येतं. म्हणजे काटा खरा असेल तर तुमच्याकडे आलेली प्लेट ६ ची नाही, सरासरी ५.७३ ची आहे. पाव मिमी कमी. हाताला कळणार नाही, डोळ्याला तर नाहीच.

उद्या सकाळी मायक्रोमीटर घेऊन स्वतः मोजा. व्हर्नियर कडेला लावून मोजू नका; कातरलेल्या कडेला बर (कापताना उचललेली धारदार कोर) असते आणि कड थोडी दबलेली असते, तिथे ६ काय, ६.२ पण दिसेल. कडेपासून मायक्रोमीटर पोहोचेल तेवढं आत, चारही बाजूंना एकेक, असं निदान तीन प्लेटवर मोजा. लांबी-रुंदीलाही टेप लावा. आपल्याकडे ‘आठ बाय चार’ हा शब्द दोन वेगळ्या मापांना चालतो. खरं ८ फूट बाय ४ फूट म्हणजे २४३८ बाय १२१९, आणि मिलचं माप २५०० बाय १२५०. या दोघांत क्षेत्रफळाचा फरक पाच टक्क्यांचा आहे. १ मिमी जाडीला पहिल्याचं वजन २३.३ किलो, दुसऱ्याचं २४.५. तुमच्या १० प्लेट फुटाच्या मापाच्या निघाल्या तर ६ मिमी पूर्ण भरूनही वजन १,४०० किलोच येईल. बघा, तुमच्या १,४०५ च्या किती जवळ आहे ते! म्हणून टेप आधी, मायक्रोमीटर नंतर आणि पुरवठादाराला फोन सगळ्यात शेवटी.

काट्याबद्दल. उसाच्या पट्ट्यातले आहात, तेव्हा काटामारी हा शब्द तुम्हाला मी समजावून सांगायला नको. पण दर वेळी काटामारीच असते असं नाही. ६० टनी वजनकाटा बहुधा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. काही पाचच्या टप्प्याने. भरलेल्या गाडीला एकदा आणि रिकाम्या गाडीला एकदा अशी दोनदा चूक शिरते. वर भरलेली गाडी ड्रायव्हर बसलेला असताना मोजली आणि रिकामी मोजताना तो चहाला गेला, तर ६०-७० किलो तिथेच इकडचे तिकडे होतात. (असं झालं तर माल जास्त दिसतो. तुमच्या बाबतीत कमी दिसतोय, म्हणजे भरलेली मोजताना ड्रायव्हर खाली आणि रिकामी मोजताना आत, असं उलटं झालं असेल, तेही विचारा.) दीड टनाचा माल ६० टनी काट्यावर मोजणं म्हणजे किराणा दुकानातली जिरं-मोहरी भुसाराच्या काट्यावर टाकण्यासारखं आहे. शॉपमध्ये प्लॅटफॉर्म काटा असेल तर एक प्लेट त्यावर ठेवा. ६ मिमीची, मिलच्या मापाची एक प्लेट १४७ किलो भरायला हवी. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का तेही पाहून घ्या, इलेक्ट्रॉनिक काट्यांची तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते.

आता खरा पैशाचा मुद्दा. बिल कशावर आहे? काटा वजनावर असेल तर तुम्ही १,४०५ किलोंचेच पैसे दिले, किलोत तुमचं काही गेलं नाही. पातळ प्लेट मिळाली एवढंच, आणि ती चालते की नाही हे ड्रॉइंग ठरवेल. बिल सेक्शनल वजनावर, म्हणजे मापावरून काढलेल्या वजनावर असेल तर मात्र ६७ किलोंचे पैसे तुम्ही हवेला दिले. एकच पातळ प्लेट, पण पहिल्या व्यवहारात ती घेणाऱ्याच्या फायद्याची ठरू शकते आणि दुसऱ्यात विकणाऱ्याच्या. काही फॅब्रिकेटर तर काट्यावर घ्यायचा माल मुद्दाम हलका शोधतात, कारण टनाला जास्त मीटर मिळतात. पुढे गिऱ्हाइकाला तोच माल टेबलमधल्या वजनाने लावतात. हे बरोबर नाही, पण बाजारात चालतं हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

इतकं तुमच्या प्लेटपुरतं. आता पद्धतीकडे.

गोल बारसाठी सगळे जण ‘व्यासाचा वर्ग भागिले १६२’ म्हणतात. व्यास मिमीत, उत्तर किलो प्रति मीटर. तुम्हालाही तो पाठ असेल, पण तो आला कुठून हे माहीत असेल तर बाकीच्या धातूंची सूत्रं पाठ करावी लागत नाहीत. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे ०.७८५४ गुणिले व्यासाचा वर्ग. त्याला एक मीटर लांबीने आणि घनतेने गुणून एकके सरळ केली की घनता ज्याच्या छेदात आहे असा एक भाजक तयार होतो: १२७३ भागिले घनता. पोलादाला १२७३ भागिले ७.८५, म्हणजे १६२. पितळेची घनता ८.५ धरली तर १५०. तांब्याची ८.९६, म्हणून १४२. अॅल्युमिनियमची २.७, म्हणून ४७१. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ ची ७.९३, म्हणून साधारण १६०.५. बिडाची ७.२ च्या आसपास, म्हणून १७७. मी १२७३ हा एकच आकडा ध्यानात ठेवतो. फुटावर मोजणारे जुने लोक १६२ ऐवजी ५३३ ने भागतात, तेही हेच आहे, मीटरचे फूट केले एवढंच.

चौरस बारला भाजक नकोच. बाजू गुणिले बाजू गुणिले ०.००७८५. पट्टीला रुंदी गुणिले जाडी गुणिले तेच.

याहून सोपी एक युक्ती म्हणजे सगळं आधी पोलाद समजून काढायचं आणि शेवटी एका आकड्याने गुणायचं. पितळेला १.०८, तांब्याला १.१४, बिडाला ०.९२, अॅल्युमिनियमला ०.३४४, शिशाला १.४४५. एसएसला १.०१, म्हणजे घाईत सोडून दिलं तरी चालतं. गुणाकार तोंडी जमत नसेल तर अॅल्युमिनियम म्हणजे पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त एवढं पुरे. मात्र विमानाच्या कामाचं ७०७५ आलं तर २.७ नव्हे, २.८१ धरा, त्यात जस्त आणि तांबं बरंच असतं. हायस्पीड स्टीलच्या एम-२ ला ८.१६ धरा, आणि डाय स्टीलच्या डी-२ ला ७.७. ही दोन ७.८५ च्या दोन्ही अंगांना चार-दोन टक्क्यांनी सरकतात आणि दर किलोचे चढे असल्यामुळे तेवढंही दुखतं.

हेक्सवर थोडं थांबतो, कारण तिथे मी स्वतः मार खाल्लाय. धंद्याची दुसरी की तिसरी दिवाळी असेल. पितळेच्या नटांची ऑर्डर, २७ मिमीचा हेक्स बार, एकूण ८० मीटर लागणार होता. मी कोटेशन घाईत केलं. २७ चा वर्ग ७२९, भागिले १५०, म्हणजे मीटरला ४.८६ किलो, ८० मीटरला ३८९. नगाचा भाव दिला, ऑर्डर आली, आगाऊ रक्कमही आली. जामनगरहून आलेला माल काट्यावर टाकला आणि भरला ४२९ किलो. मी आधी काट्याला शिव्या दिल्या, मग पुरवठादाराला. त्याचा माणूस शांतपणे म्हणाला, “साहेब, षटकोन आहे, गोल नाही.” मी हेक्सला गोलाचं सूत्र लावलं होतं. समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये २७ मिमी असलेल्या षटकोनात २७ चं वर्तुळ बसतं आणि वर सहा कोपरे उरतात. गोलाला ०.७८५४, हेक्सला ०.८६६. दहा टक्के. ४० किलो पितळ माझ्या खिशातून गेलं. पितळेची चिप्स परत विकून थोडं सावरलं, कारण पितळेच्या चिप्सला भाव बरा मिळतो; हेच ईएन-८ चं असतं तर भंगाराचे दोन पैसेही आले नसते.

तेव्हापासून हेक्सला सपाट-ते-सपाट माप घेऊन वर्ग गुणिले ०.००६८, हे पोलादाला. बाकीच्यांना वरच्या गुणकाने. आणि माप कोपरा-ते-कोपरा घेऊ नका, ते साडेपंधरा टक्क्यांनी मोठं असतं आणि वर्ग केल्यावर चूक तेहतीस टक्क्यांवर जाते.

पाइपमध्ये चूक होते ती नावामुळे. पाइपचं वजन म्हणजे बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा. एसएसला ०.०२४९. सूत्र सोपं आहे, पण बाहेरचा व्यास कुठला? ‘एक इंची’ पाइप, म्हणजे २५ एनबी (नॉमिनल बोअर, नावापुरतं माप), याच्यात कुठेही २५ मिमी नाही. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ आहे. मीडियम क्लासची जाडी ३.२ धरा: ३०.५ गुणिले ३.२ गुणिले ०.०२४६६, म्हणजे २.४१ किलो मीटरला. तुम्ही २५ हाच बाहेरचा व्यास धरला तर १.७२ येईल, पाऊण किलोच्या जवळपास कमी. दोन इंची एनबीचा बाहेरचा व्यास ६०.३. पण जिन्याच्या रेलिंगला जो चकचकीत एसएस पाइप लावतात तो ओडीवर (बाहेरच्या व्यासावर) विकतात, तिथे दोन इंची म्हणजे खरोखर ५०.८. २ मिमी जाडीचा असा पाइप मीटरला २.४३ किलो, आणि शेड्यूल १० (जाडीचा एक वर्ग) चा दोन इंची एनबी ३.९७. दोघांनाही दुकानात ‘दोन इंची’च म्हणतात. ऑर्डर देताना इंच लिहूच नका. बाहेरचा व्यास आणि जाडी, दोन्ही मिमीत.

सुताचीही तीच गोष्ट. बांधकामावर १२ मिमीच्या सळईला ‘चार सूत’ म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७. कोणी खरंच १२.७ धरून हिशेब केला तर १२ टक्के जास्त वजन निघेल. पत्र्याचा गेज तर त्याहून फसवा. एसडब्ल्यूजी तक्त्यात १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, पण बाजारात १.५ चा पत्राही ‘सोळा गेज’ म्हणून खपतो. आठ टक्के गेले.

सळईला व्हर्नियर लावून काही उपयोग नाही, तिला कड्या असतात. तिथे सगळं उलट्या दिशेने चालतं आणि मला ते फार आवडतं. आयएस १७८६ सांगतं की सळईचा एक तुकडा कापा, तोला, लांबी मोजा. वजनाला लांबी आणि ०.००७८५ ने भागा, जे येईल ते तिचं क्षेत्रफळ. म्हणजे ताकद काढताना जे क्षेत्रफळ धरतात ते मापलेलं नसतं, तोललेलं असतं. १२ मिमीला मीटरला ०.८८८ किलो. १२ मीटरची एक सळई १०.६६ किलो. १० च्या वर १६ मिमीपर्यंत लॉटला पाच टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे सळई सव्वादहा भरली तरी मानकात आहे. १० मिमीपर्यंत सात टक्के, १६ च्या वर तीन. तुमच्या शॉपमध्ये सळई फारशी येत नसेल, पण घर बांधायला काढलं की उपयोगी पडेल.

अँगल-चॅनलला मी सूत्र लावत नाही. ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलला दोन पाय मिळवून एक जाडी वजा केली, तर मीटरला ४.४३ किलो येतं, टेबलमध्ये ४.५ दिलंय, कारण आतल्या कोपऱ्यात भराव असतो. चॅनल आणि बीमला पंखांचा उतार असतो, तिथे तर सूत्र काढत बसणं वेळ घालवणं आहे. आयएस ८०८ चं टेबल भिंतीला चिकटवा. १०० च्या चॅनलला मीटरला ९.५६, म्हणजे सहा मीटरचा नग ५७ किलोंच्या आसपास भरायला हवा. तुमच्याकडे ४८ भरला तर घनतेला दोष देऊ नका. रि-रोलिंग मिलचा हलका चॅनल आलाय. वेब (मधला उभा भाग) आणि पंखाला व्हर्नियर लावला की लगेच दिसेल.

जीआय पत्रा आणि पाइप घेत असाल तर जस्ताचं वजन वेगळं असतं. पत्र्यावर १२० जीएसएम लिहिलेलं असतं, ते दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम. अर्ध्या मिमीच्या पत्र्याला तीन टक्के होतात, २ मिमीला नगण्य. उष्णतेने लोखंड फुगतं त्याचा हिशेब काहीजण विचारतात. मे महिन्यातल्या आणि डिसेंबरमधल्या सळईत टक्क्याचा दहावा हिस्साही फरक पडत नाही. सोडून द्या.

आता एखादं काम पूर्ण करून दाखवतो, कारण कोटेशन करताना कच्च्या मालाचं वजन आणि पार्टचं वजन यात लोक गल्लत करतात. समजा ईएन-८ चे २०० पिन आहेत, तयार व्यास ३८, लांबी १२०. बार घ्यायचा ४० मिमीचा. मीटरला १६०० भागिले १६२.२, म्हणजे ९.८६ किलो. एका नगाला १२० नाही लागत. दोन्ही तोंडं फेसिंगला (सपाट करायला) ३ आणि बँडसॉच्या पात्याला २, असे १२५ धरा. १२५ मिमीचं वजन १.२३ किलो. तयार पिनचं वजन १.०७. म्हणजे दर नगाला १६० ग्रॅमच्या आसपास चिप्समध्ये जातात, आणि तुम्ही पैसे १.२३ चे मोजता. ६ मीटरच्या बारात कागदावर बरोबर ४८ नग बसतात, पण शेवटचा तुकडा वाइसमध्ये पकडायला उरत नाही आणि बारचं टोक बऱ्याचदा वाकडं किंवा फाटलेलं असतं. ४७ धरा. २०० नगांना सव्वाचार बार लागतात, आणि सव्वाचार बार कोणी देत नाही. पाच बार म्हणजे २९६ किलो. नगाच्या हिशेबाने २४७ लागणार होते. उरलेले ४९ किलो रॅकवर पडून राहणार की या ऑर्डरवर लावायचे, हे कोटेशनच्या आधी ठरवा. बार नेमका ६ मीटरचाच येईल असंही धरू नका, रँडम लांबीत साडेपाचचाही येतो. आणि ब्लॅक बार (गरम लाटलेला, न सोललेला) ४० ऐवजी ४०.४ चा निघाला तर वजन दोन टक्क्यांनी वाढेल. व्यासाची चूक वजनात दुप्पट होते, एवढं एक लक्षात ठेवा, ४०.४ म्हणजे एक टक्का मोठा, वजन दोन टक्के जास्त.

तुम्ही शेवटी विचारलंय की वजनावरून माल ओळखता येतो का. काही वेळा येतो. एक तारेचा किंवा नायलॉन दोरीचा फास, एक बादली पाणी आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, एवढं पुरतं. एकदा गनमेटल (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) म्हणून आलेल्या बुशच्या तुकड्यावर मला शंका आली. रंग जरा पिवळसर होता. हवेत १,७४२ ग्रॅम भरला. मग दोरीला लटकवून पूर्ण पाण्यात बुडवला, बादलीला टेकू न देता, बुडबुडे झटकून. १,५३७ ग्रॅम भरला. फरक २०५. हवेतल्या वजनाला फरकाने भागलं: ८.५०. गनमेटल ८.७ ते ८.८ यायला हवं होतं. ८.५ म्हणजे पितळ. पण मी लगेच भांडायला गेलो नाही, कारण कास्टिंगमध्ये पोकळ्या असतील तर गनमेटलसुद्धा हलकं भरतं. तुकडा स्पेक्ट्रोला (धातूतले घटक तपासायला) पाठवला आणि तिथे जस्त भरपूर निघालं, मग फोन केला.

ही युक्ती एसएसला लावू नका. ३०४ आणि २०२ यांची घनता जवळजवळ सारखी, चुंबकही दोघांना लागत नाही; बादली तिथे काही सांगणार नाही. सराफांचंही तेच दुखणं आहे. टंगस्टन १९.३ आणि सोनंही १९.३, म्हणून आत टंगस्टन घातलेली लगड पाण्याच्या कसोटीवर उत्तीर्ण होते.

हल्ली ड्रॉइंगवरच वजन छापून येतं, त्यावर आंधळा विश्वास नको. मध्यंतरी एका ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवर ०.४१ किलो लिहिलं होतं. हातात घेतलेला नमुना सरळ तीन किलोंच्या वर. डिझायनर पोरानं सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलला मटेरियलच दिलं नव्हतं, आणि मटेरियल नसलं की ते घनता पाण्याची धरतं. ०.४१ गुणिले ७.८५, ३.२२ किलो. काट्यावर ३.२ च भरला! अशी शंका आली की ७.८५ ने गुणून बघा, दहातल्या सहा वेळा कोडं सुटतं.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाही, पण स्टोअर तुमच्याकडे आहे म्हणून सांगतो. माल उचलण्याआधी वजन काढायचं असतं तेव्हा घनता ८ धरा आणि माप वरच्या बाजूला पूर्ण करा. ५०० व्यासाचा, ६०० लांबीचा एक फोर्जिंगचा ठोकळा आमच्याकडे आला होता. टेम्पोतून उतरवताना हेल्पर म्हणाला, “अर्धा टन असेल, हा पट्टा चालेल.” पट्टा अर्ध्या टनाचाच होता. मी खडूने ठोकळ्यावरच हिशेब मांडला: ५०० चा वर्ग अडीच लाख, भागिले १६२, मीटरला १,५४३ किलो, ६०० मिमीला ९२६. हेल्परने हातातला पट्टा खाली ठेवला आणि दोन टनी आणायला गेला. गोल वस्तूचं वजन डोळा नेहमी कमी सांगतो, कारण आपण तिला व्यासाने बघतो आणि ती भरते वर्गाने.

तुमच्या १० प्लेटबद्दल पुरवठादाराशी बोलाल तेव्हा ‘६७ किलो कमी आहे’ असं म्हणू नका, तो काट्याची पावती दाखवून मोकळा होईल. टेप लावून लांबी-रुंदी आणि मायक्रोमीटरने मोजलेल्या बारा जागांची जाडी लिहून न्या. माप फुटाचं निघालं तर भांडण लांबी-रुंदीचं आहे, जाडीचं नाही. जाडी ५.७ च्या आसपास निघाली तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या खेपेचा नंबर) प्लेटवरच्या रंगाने लिहिलेल्या नंबराशी जुळतो का ते बघा. पुढच्या पर्चेस ऑर्डरवर तीन ओळी वाढवा: लांबी-रुंदी मिमीत, किमान जाडी ५.८ किंवा तुमचं ड्रॉइंग म्हणेल ती, आणि ‘बिल प्रत्यक्ष काटा वजनावर, पण सेक्शनल वजनापेक्षा जास्त नाही’. शेवटच्या ओळीवर तो कुरकुर करेल. एखाद टक्का सोडायची तयारी ठेवा आणि बाकी ओळ तशीच राहू द्या.